यूआरएलमधला भाषेचा कोड: असला तरी चालावा, नसला तरी चालावा

ठाण्यातल्या तलावांची माहिती देणारी आमची एक छोटी मराठी साइट आहे. तलावपाळी, उपवन, कचराळी, रायलादेवी, अशी एकेका तलावाची पानं आणि तिथे कसं पोहोचायचं ते सांगणारी आसपासच्या भागांची पानं. पुढे इंग्रजी आणि हिंदी पानांची मागणी आली, आणि पहिली अडचण उभी राहिली ती यूआरएलची, म्हणजे पानांच्या वेब-पत्त्यांची. जुन्या पत्त्यांचे क्यूआर कोड नौपाड्यातल्या सोसायट्यांच्या नोटीस बोर्डांवर कधीचे लागले होते. ते बंद पडून चालणार नव्हतं.

म्हणून ठरलं ते असं: मराठी पानाचा पत्ता "/उपवन" असाच राहील, इंग्रजीचा "/ईएन/उपवन", हिंदीचा "/एचआय/उपवन". (प्रत्यक्षात हे सगळं रोमन लिपीत.) साइट ज्या लोकांसाठी आहे त्यांच्या भाषेला बिनप्रीफिक्सचा (सुरुवातीला भाषेचा कोड नसलेला) पत्ता मिळायला हवा, असं माझं ठाम मत आहे. तयार टेम्प्लेट बहुतेक वेळा इंग्रजीला डिफॉल्ट धरतात. ते पहिल्याच दिवशी बदला.

पहिली पायरी: भाषांची यादी एकाच ठिकाणी लिहा. एमआर (मराठी), ईएन, एचआय, बस. "कुठलीही दोन अक्षरं म्हणजे भाषा" असा सैल नियम ठेवू नका. "पहिला तुकडा भाषा, तो ऐच्छिक, दुसरा तुकडा पान" असा राउट (कुठला पत्ता कुठल्या पानाकडे न्यायचा याचा नियम) यादीशिवाय लिहिला, तर हे नियम लावणारा राउटर एकट्या "/उपवन" मधल्या उपवनलाच भाषा समजून बसू शकतो.

दुसरी पायरी सगळ्यात महत्त्वाची. राउटरच्या आधी चालणाऱ्या मिडलवेअरमध्ये (प्रत्येक विनंतीवर आधी चालणाऱ्या कोडमध्ये) पाथ, म्हणजे पत्त्याचा साइटच्या नावानंतरचा भाग, तिरप्या रेघेवर तोडा, पहिला तुकडा पूर्णच्या पूर्ण घ्या आणि यादीत आहे का पाहा. असेल तर भाषा नोंदवून तो तुकडा काढा आणि उरलेला पाथ राउटरकडे द्या. नसेल तर भाषा मराठी, पाथ जसाच्या तसा. म्हणजे राउट एकदाच लिहावे लागतात, तीन भाषांसाठी तीनदा नाही.

"पूर्णच्या पूर्ण" यावर मी अडून बसतो, कारण आमची चूक तिथेच झाली. पाथची सुरुवात "/एचआय" ने होते का, एवढंच आम्ही तपासत होतो. रोमनमध्ये "हिरानंदानी" लिहिताना पहिली दोन अक्षरं एच आणि आय. "/हिरानंदानी-इस्टेट" हे पान उघडायला गेलं की कोड ती दोन अक्षरं कापायचा, भाषा हिंदी ठरवायचा, आणि राउटरच्या हातात उरायचं "रानंदानी-इस्टेट". पान सापडत नाही, ४०४. "एन्क्वायरी"चं पान इंग्रजीच्या कोडमुळे असंच गायब झालं. बाकीची पानं सुरळीत चालत असल्यामुळे दोष लवकर लक्षातही आला नाही.

जँगो, रेल्स, एक्सप्रेस यांसारखं साइट बांधायचं तयार फ्रेमवर्क असेल तर हे काम बरंच सोपं होतं. जँगोत "आय१८एन_पॅटर्न्स" मध्ये "प्रीफिक्स_डिफॉल्ट_लँग्वेज" फॉल्स करा. रेल्समध्ये स्कोपमधलं लोकेल (भाषेचा कोड) कंसात टाकलं की ते ऐच्छिक होतं, सोबत परवानगी असलेल्या भाषांची अट द्या. एक्सप्रेसच्या चौथ्या आवृत्तीत ऐच्छिक भागासाठी प्रश्नचिन्ह चालायचं, पाचवीत महिरपी कंस लागतात. अपग्रेड करताना हे हमखास नजरेतून सुटतं.

आता "/एमआर/उपवन" असं कोणी टाइप केलं तर? जँगोच्या वरच्या सेटिंगमध्ये तिथे ४०४ येतो, म्हणून रिडायरेक्ट (योग्य पत्त्यावर आपोआप पाठवणं) स्वतः लिहावा लागतो. एका पानाचे दोन पत्ते ठेवू नका. "/उपवन" कडे ३०१ ने (कायमच्या रिडायरेक्टने) पाठवा आणि प्रश्नचिन्हापुढची क्वेरी स्ट्रिंग सोबत न्या. चाचणी चालू असेपर्यंत ३०२ (तात्पुरता रिडायरेक्ट) वापरा, कारण ३०१ ब्राउझर लक्षात ठेवतो आणि चुकलेला ३०१ लोकांच्या फोनमधून काढून घेणं कठीण. स्टॅटिक फाइल्स, एपीआय आणि पेमेंटचे कॉलबॅक या सगळ्यातून वगळा.

ब्राउझरच्या भाषेवरून आपोआप दुसरीकडे ढकलू नका. घरीदारी मराठी बोलणाऱ्या कितीतरी जणांचा फोन इंग्रजीत सेट केलेला असतो. त्यांनी मराठी पत्ता उघडला आणि समोर इंग्रजी आलं, तर तो त्यांच्यावर अन्यायच. शिवाय गूगलचा क्रॉलर (पानं वाचत फिरणारा प्रोग्राम) सहसा भाषेची पसंती सांगणारा हेडर पाठवतच नाही. भाषा पत्त्यावरूनच ठरू द्या. वर "हे पान इंग्रजीत वाचा" अशी लिंक पुरते.

लिंक हाताने लिहू नका. पानाचं नाव आणि भाषा घेऊन पत्ता देणारं एकच फंक्शन करा; मराठीला ते काहीच जोडणार नाही. एचटीएमएलच्या लँग अ‍ॅट्रिब्यूटमध्ये खरी भाषा द्या. प्रत्येक पानावर तिन्ही आवृत्त्यांचे एचरेफलँग (हेच पान कुठल्या भाषेत कुठे आहे ते सर्च इंजिनला सांगणारे टॅग) द्या, त्या पानाचा स्वतःचाही.

शेवटी हे पत्ते उघडून पाहा: "/", "/ईएन" (शेवटी तिरपी रेघ देऊन आणि न देता), "/एमआर/उपवन", "/हिरानंदानी-इस्टेट", "/ईएन/हिरानंदानी-इस्टेट". मग खाली उतरून नोटीस बोर्डावरचा जुना क्यूआर कोड मोबाइलने स्कॅन करा. एकही रिडायरेक्ट न होता मराठी पान उघडलं पाहिजे.