जुन्या टाटा 207 पिकअपचा गंज काढताय? आधी जुनी पुट्टी खरवडा

आमची 207 कितीतरी वर्षं पिंपळगाव मार्केटला टोमॅटो वाहते, द्राक्षाच्या सीझनला कॅरेट आणि मध्येच खताच्या गोण्या. बाहेरून रंग बरा होता. मागच्या उन्हाळ्यात ड्रायव्हर दरवाज्याखालचा पत्रा सहज दाबला तर बोट आतच गेलं. खरवडलं तर बोटभर जाड पुट्टी आणि तिच्यामागे चक्क पेपरचा बोळा, त्यावरचे कांद्याचे भाव अजून वाचता येत होते. अण्णा म्हणाले, "बघ, तेव्हा पण भाव नव्हता." काम कोणत्या गॅरेजचं होतं ते जाऊदे, पैसे तर आम्हीच मोजून दिले होते.

तर पहिलं काम म्हणजे गंज कुठवर गेलाय ते शोधणं. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने सगळीकडे ठोकत जा, चांगला पत्रा टणटण वाजतो आणि पुट्टी भरलेला किंवा सडलेला भदभद. लोहचुंबक फिरवा, जाड पुट्टीवर तो चिकटत नाही. मॅट काढून केबिनचा फ्लोअर बघा, चाकाच्या कमानी बघा, हौद्याचे कोपरे आणि फाळक्याच्या बिजागऱ्या बघा. खत वाहणाऱ्या गाड्यांचा हौदा सगळ्यात आधी जातो कारण पोटॅश म्हणजे एक प्रकारचं मीठच, गोणी फुटली की ते फटीत बसतं आणि हवेतला ओलावा धरून ठेवतं. चेसीला, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याला, थर सुटत असतील तर मात्र घरी हात लावू नका, जाणकार फॅब्रिकेटरला दाखवा, बॉडी सडली तर गाडी वाईट दिसते, चेसी तुटली तर माणूस जातो.

वरवरचा गंज असेल तर सोपं आहे. ग्राइंडरला वायर कप लावून, मग 80 नंबरचा पॉलिश पेपर मारून पत्रा चकचकीत करा, बारीक खड्ड्यांत काळे ठिपके राहतात तिथे फॉस्फोरिक ॲसिडवालं रस्ट कन्व्हर्टर लावा. गॉगल आणि मास्क पाहिजेच, वायर ब्रशची तार उडून टीशर्टमधून आत घुसलेली मी काढलीय.

भोक पडलं असेल तर पत्रा कापावाच लागतो, आणि इथेच सगळे कंजूषी करतात. भोकापुरतं नाही कापायचं, चांगला जाड पत्रा लागेपर्यंत कापायचं, भोक रुपयाएवढं दिसतं आणि तुकडा तळहाताएवढा निघतो. मापासाठी जुनी लग्नपत्रिका घ्या, कडक कागद असतो, भोकावर धरून आखा, दुमडा, कापा आणि मग तसाच 20 गेजचा सीआर (कोल्ड रोल्ड, साधा बिनमुलाम्याचा) पत्रा कापा. जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला, पत्रा घरात पडलाय म्हणून वापरू नका, वेल्डिंग करताना जस्ताचा पांढरा धूर निघतो आणि तो छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप येतो.

वेल्डिंग सीओटूनेच (गॅस आणि बारीक तारेचं मिग वेल्डिंग) करून घ्या, साध्या आर्कने पातळ पत्र्याला भोकं पडतात. सुरू करण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह काढा, डिझेल टाकी आणि पाइप जवळ असतील तर बाजूला करा, बादलीभर पाणी आणि एक माणूस शेजारी ठेवा. एक टाका इकडे, पुढचा टाका समोरच्या बाजूला, मध्ये थंड होऊ द्यायचं. सलग ओढलं की पत्रा लहरतो आणि मग ती लाट झाकायला परत पुट्टी.

वेल्ड घासून घ्या, थिनरने पुसा आणि त्याच दिवशी दोन भागवाला इपॉक्सी प्रायमर मारा, हार्डनरचं प्रमाण डब्यावर असतं तेवढंच घ्या. नुसता रेड ऑक्साइड प्रायमर मारून गाडी पावसात सोडली तर पाणी त्यातून पत्र्यापर्यंत झिरपतं. पुट्टी प्रायमरवर, तीही दोन-तीन मिलीमीटरच. जोडांना सीलंट, मग रंग. रंग बदलणार असाल तर आरटीओत आरसीवर नोंद करून घ्या.

हे सगळं फेब्रुवारी ते मे मध्ये उरका. डिसेंबर-जानेवारीत निफाडकडे पारा एकेरी आकड्यात येतो, सकाळी पत्र्यावर दव असतं आणि इपॉक्सी लवकर वाळत नाही. जूननंतर तर विषयच सोडा, घासलेला पत्रा रात्रीत तांबडा होतो.

शेवटी एक काम जे आमच्याकडे आधी कुणीच केलं नव्हतं. दरवाज्याच्या खालच्या कडेला पाणी निघायची बारीक भोकं असतात, ती माती आणि जुन्या रंगाने बुजतात. खिळ्याने मोकळी करा, आत पिचकारीने कॅव्हिटी वॅक्स (पोकळ भागात मारायचं गंजरोधक मेण) मारा, ते सुकलं की काचेच्या रबरवर पाइपने पाणी सोडा आणि खाली बसून बघा. आमच्या डाव्या दरवाज्यातून पाणी पडायच्या आधी मूठभर चिखल पडला, त्यात एक द्राक्षाची बी पण होती.