घामाची रेषा वाचताना या चुका टाळा

एमएची एक विद्यार्थिनी परवा तिच्या प्रोजेक्टचा आलेख घेऊन आली. स्क्रीनवर सापाचं चित्र आलं आणि त्वचावाहकतेची (घामामुळे त्वचेतून वीज किती सहज वाहते, त्याची) रेषा झपकन वर गेली होती. ती खूश होती. मी तो तुकडा मोठा करून वेळ पाहिली. चित्र आल्यावर जेमतेम 0.3 सेकंदात चढ सुरू झालेला. इतक्या लवकर? मेंदूतून निघालेला संदेश अनुकंपी चेतातंतूंवाटे बोटांच्या घामग्रंथींपर्यंत पोचायचा, मग घाम नळीतून वर यायचा, याला वेळ लागतो. खरा प्रतिसाद साधारण 1 ते 3 सेकंदांनी दिसतो. छातीला बांधलेल्या श्वासपट्ट्याचं रेकॉर्डिंग मागे नेलं, तर चित्र येण्याआधीच प्रयोगात सहभागी मुलाने मोठा श्वास घेतलेला. रेषा सापामुळे चढलीच नव्हती.

म्हणून प्रत्येक चढ आधी घड्याळाशी ताडून बघा. श्वासपट्टा नसेल तर शेजारी वही घेऊन बसा. खोकला, उसासा, हात हलवणं, बोलणं, बाहेर वाजलेला हॉर्न, सगळं वेळेसकट टिपा. कंटाळवाणं काम आहे, पण निम्मा प्रोजेक्ट त्यावर वाचतो. दोन चित्रांमध्ये 10-15 सेकंद तरी ठेवा, कारण रेषा चढते पटकन आणि उतरते सावकाश. आधीचा उतार संपायच्या आत पुढचं चित्र आलं तर कोणता चढ कशाचा, हे कुणालाच सांगता येणार नाही. पहिल्या चित्राला नवेपणामुळेच मोठा प्रतिसाद येतो, तेव्हा सुरुवातीला एखादं साधं चित्र दाखवा आणि ते हिशेबात धरू नका.

दुसरी चूक बोटांवरच होते. बोटं स्पिरिटने पुसायची आणि हाताशी असलेलं ईसीजीचं जेल लावायचं, असं मी अनेक ठिकाणी पाहिलंय. स्पिरिटने त्वचा कोरडी पडते, आणि ईसीजीचं जेल खूप खारट असल्याने आकडे फुगतात. इथे साधारण 0.5 टक्के मिठाची, घामाशी मिळतीजुळती पेस्ट लागते. सगळ्यांना एकाच पद्धतीने हात धुवायला सांगा, कोरडे करा, इलेक्ट्रोड लावा आणि पाच-दहा मिनिटं थांबा. ही थांबायची वेळ घाईत हमखास गाळली जाते. मग पेस्ट त्वचेत मुरत असताना रेषा हळूहळू सरकत राहते आणि आपण तिला ‘तणाव’ म्हणतो. एसी 18 वर असेल तर बोटं गार पडून प्रतिसाद दबतो. 22-24 अंश ठीक.

रेषा सपाटच राहिली तर? सहभागीला एक खोल श्वास घ्यायला सांगा. दोन-तीन सेकंदांत काहीच हललं नाही तर वायर, पेस्ट आणि टेप तपासा. सुईसारखं टोक एकदम वर जाऊन एकदम खाली आलं असेल तर तार हलली आहे. सगळं नीट असूनही काहींची रेषा हलत नाही. अशी माणसं असतात. त्यांना गुपचूप वगळू नका, अहवालात संख्या लिहा.

घामासोबत हृदयगतीतले चढउतारही मोजत असाल, तर एकच ठोका निसटला तरी काय होतं बघा. ठोक्यांत 800 मिलिसेकंदांचं अंतर आहे, एक ठोका सॉफ्टवेअरने ओळखला नाही, तर तिथे 1600 येतं. पाच मिनिटांच्या रेकॉर्डिंगमध्ये आरएमएसएसडी (लागोपाठच्या ठोक्यांमधलं अंतर किती बदलतं, याचं मिलिसेकंदांतलं माप) खरं 30 असेल तर एवढ्या एका चुकीने ते 65 च्या पुढे जातं. ईसीजीची पट्टी डोळ्यांनी तपासायला पर्याय नाही.

आता मला सर्वांत जास्त खटकणारी गोष्ट. अप्रिय चित्र पाहताना त्वचावाहकता वाढते, पण हृदयगती सुरुवातीला कमी होते. मुलांना वाटतं सेन्सर बिघडला, आणि तो डेटा टाकून दिला जातो! अमेरिकेत जॉन आणि बिअ‍ॅट्रिस लेसी यांनी हेच दाखवून दिलं होतं: बाहेरच्या गोष्टीकडे लक्ष लागलं की हृदय मंदावतं, मनातल्या मनात हिशेब करताना वेग घेतं. शरीराचे सगळे भाग एकाच दिशेने ‘उत्तेजित’ होत नाहीत. आणि त्वचावाहकता तर आनंदाच्या, उत्कंठेच्या चित्रांनाही वाढते. त्यामुळे नुसत्या रेषेवरून ‘भीती वाटली’ असं लिहिता येत नाही. त्या क्षणी काय वाटलं, हे सहभागीला विचारायलाच हवं.

पॉलिग्राफमध्ये, म्हणजे खोटं पकडण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या यंत्रात, हीच अडचण आहे. चौकशीला घाबरलेल्या निरपराध माणसाच्या हातालाही घाम येतोच. संमतीशिवाय कुणाचीही पॉलिग्राफ चाचणी करता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये सेल्वी खटल्यात दिला, तो मी प्रत्येक बॅचला वाचायला लावते.

त्या विद्यार्थिनीने वेळेत न बसणारे प्रतिसाद काढले तेव्हा 24 पैकी 15 उरले. निष्कर्षातलं ‘भीती वाढली’ खोडून तिने ‘त्वचावाहकता वाढली’ लिहिलं, आणि पुढच्या सहभागींसाठी प्रत्येक चित्रानंतर एक छोटा प्रश्न घातला.