चंद्र-पृथ्वीचं मॉडेल करताय? या चुका टाळा

शाळेतली विज्ञान प्रदर्शनं जवळ आली की आमच्या सोसायटीतली मुलं बल्ब, चेंडू आणि तारा घेऊन माझ्याकडे येतात. मॉडेल झोकात फिरत असतं, पण त्यात जे घडतं ते पुण्याच्या आकाशात कधीच दिसत नाही. चुका बहुतेक दरवर्षी त्याच असतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे दर पौर्णिमेला चंद्रग्रहण आणि दर अमावास्येला सूर्यग्रहण. चंद्राची तार पृथ्वीच्या कक्षेला समांतर बसवली की हे होणारच. चंद्राची खरी कक्षा सुमारे ५ अंश कललेली असते. एवढ्याशा कलाने काय होतं, असं मुलं विचारतात. त्यासाठी अंतर मोजायला हवं. पृथ्वी म्हणजे ८ सेंटिमीटरचं मोसंबं धरलं तर चंद्र होतो मोठ्या गोटीएवढा, आणि तो ठेवायचा २.४ मीटर लांब. (त्याच मापाने सूर्य जवळजवळ ९४० मीटरवर जातो. शनिवारवाड्याच्या दारात मोसंबं धरलंत तर सूर्य मंडई ओलांडून पुढे.) २.४ मीटरवर ५ अंश म्हणजे गोटी चांगली वीतभर वर किंवा खाली. पृथ्वीची सावली तिथे जेमतेम ६ सेंटिमीटर रुंद उरते. म्हणून बहुतेक पौर्णिमांना चंद्र सावलीला न शिवताच निघून जातो.

तार कलवली तरी काम संपत नाही, आणि इथे मोठी माणसंही अडकतात. पृथ्वी आणि चंद्राच्या तारेची कडी सूर्यापासून निघालेल्या एकाच दांड्यावर घट्ट बसवलेली असते. दांडा सूर्याभोवती फिरला की कलही त्याच्याबरोबर फिरतो. मग ग्रहण एक तर दर महिन्याला लागतं, नाही तर कधीच लागत नाही. खऱ्या कक्षेचा कल आपली दिशा जवळजवळ धरून ठेवतो. चंद्राची वाट पृथ्वीच्या कक्षेच्या पातळीला जिथे छेदते, ते दोन बिंदू म्हणजे राहू आणि केतू. त्यांना जोडणारी रेषा सूर्याकडे वळते ती साधारण सहा महिन्यांनी एकदा, आणि ग्रहणं तेव्हाच होतात. २०२५ आठवा. मार्चमध्ये दोन ग्रहणं झाली, मग थेट सप्टेंबरमध्ये दोन. त्यातलं ७ सप्टेंबरचं खग्रास चंद्रग्रहण अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या रात्री आलं होतं. तेव्हा कडी सैल ठेवा आणि दांडा कुठेही गेला तरी तिची वरची बाजू खोलीतल्या एकाच भिंतीकडे राहू द्या. राहू-केतूची रेषा उलट दिशेने सरकते खरी, पण एका फेरीला तिला १८.६ वर्षं लागतात. मॉडेलमध्ये ते सोडून दिलं तरी चालेल.

पृथ्वीच्या आसाचंही तसंच. २३.४ अंशांचा कल कायम ध्रुवताऱ्याकडे हवा. आस दांड्याबरोबर फिरला तर ऋतूच होत नाहीत, आणि मग मुलं सांगतात, "सूर्य जवळ आला की उन्हाळा." प्रत्यक्षात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या सुरुवातीला, म्हणजे आपण स्वेटर घालून फिरतो तेव्हा. अंतर १४.७ कोटी किलोमीटर. जुलैच्या सुरुवातीला ते १५.२ कोटी होतं. फरक पडतो तो सूर्याच्या उंचीने. मेच्या मध्याला तो पुण्यात दुपारी थेट डोक्यावर येतो, डिसेंबरच्या शेवटी मात्र क्षितिजापासून ४८ अंशांपर्यंतच चढतो.

तक्त्यावर कक्षा अंड्यासारखी काढू नका. २० सेंटिमीटर लांबीची कक्षा काढली तर तिची रुंदी ०.०३ मिलिमीटरनेच कमी भरेल, पेन्सिलच्या रेघेहूनही बारीक. कंपासने वर्तुळ काढा आणि सूर्य केंद्रापासून दीड-पावणेदोन मिलिमीटर बाजूला ठेवा. चंद्राची सूर्याभोवतीची वाट जिलेबीसारख्या वेढ्यांची काढतात, तीही चूक. पृथ्वी सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर धावते, चंद्र तिच्याभोवती जेमतेम १. त्यामुळे तो कधी मागे येत नाही. त्याची वाट सतत सूर्याकडेच वळलेली असते.

चंद्राच्या कला पृथ्वीच्या सावलीमुळे होत नाहीत. शुक्ल अष्टमीला सूर्य मावळताना पर्वतीवर जा. सूर्य पश्चिमेला, पृथ्वीची सावली पूर्वेला आणि अर्धा चंद्र डोक्याच्या आसपास. सावली तिथे पोचणारच कशी?

"चंद्राची एकच बाजू दिसते, म्हणजे तो स्वतःभोवती फिरत नाही" म्हणणाऱ्याला देवळात प्रदक्षिणा घालायला सांगा. उजवा खांदा कायम देवाकडे असतो, तरी एका फेरीत चारही दिशांना तोंड होऊन जातं.

शेवटी दिशा तपासा. दोन लागोपाठच्या संध्याकाळी एकाच वेळी चंद्र पाहा. हात लांब करून मूठ धरली तर तो मुठीपेक्षा थोडा जास्तच पूर्वेला सरकलेला दिसेल. म्हणजे उत्तर ध्रुवाच्या वरून पाहिलं तर तो घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतो. तुमचा चंद्र काट्यांप्रमाणे फिरत असेल, तर मोटरला बॅटरीतून येणाऱ्या दोन तारांची अदलाबदल करा.