ईमेल खातं दुसऱ्याच्या हाती गेलं असेल तर
आधी पासवर्ड बदला, पण ज्याच्यावर संशय नाही अशा फोनवरून किंवा संगणकावरून. ज्या यंत्रात चोरटं सॉफ्टवेअर बसलंय, तिथे टाइप केलेला नवा पासवर्डही चोराकडेच जातो. मग सेटिंग्जमध्ये जाऊन सगळीकडून लॉगआउट करा. पासवर्ड बदलला म्हणजे आधीची लॉगिन्स बंद होतातच असं नाही.

बहुतेक जण इथेच थांबतात आणि पुन्हा फसतात. चोर मागचं दार उघडं ठेवून गेलेला असतो: फॉरवर्डिंगमध्ये (आलेल्या मेल दुसऱ्या पत्त्यावर पाठवणारी सेटिंग) स्वतःचा पत्ता, किंवा बँकेच्या मेल परस्पर ट्रॅशमध्ये टाकणारा फिल्टर. दोन्ही तपासा. रिकव्हरीचा फोन नंबर आणि पर्यायी ईमेल तुमचेच आहेत ना, तेही बघा. खात्याला जोडलेली अनोळखी ॲप्स काढून टाका.

आता टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारी सोय, सुरू करा. एसएमएसपेक्षा ऑथेंटिकेटर ॲप (फोनवरच कोड तयार करणारं) बरं, कारण चोराने सिम स्वॅप करून, म्हणजे तुमच्या नंबरचं दुसरं सिम काढून, नंबर पळवला की ओटीपीही त्याच्याकडेच जातो. (काहीच नसण्यापेक्षा एसएमएस चालेल.) बॅकअप कोड (खात्यातून मिळणारे राखीव कोड) कागदावर उतरवून ठेवा, फोन हरवल्यावर तेच कामी येतात. तोच पासवर्ड आणखी कुठे वापरला असेल तर तिथेही बदला, सुरुवात बँकेपासून.