डिजिटल वर्ग मांडताय? आधी शेवटच्या बाकावर बसा

‘आधी मोठं पॅनेल (फळ्याच्या जागी लावायचा, बोटाने लिहिता येणारा पडदा) घ्या, बाकीचं मग बघू’ असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. पॅनेल सगळ्यात शेवटी घ्यायचं.

1. पडद्याची भिंत ठरवा. माझ्या पहिल्या वर्गात मी इथेच आपटलो. प्लग पॉइंट तयार होता म्हणून पॅनेल खिडक्यांच्या बरोबर समोर ठोकलं. ऊन आलं की काचेत खिडकीचे गज दिसायचे, धडा नाही. खिडक्यांना जाड पडदे लावले, तर मुलांना वहीत लिहायला उजेड पुरेना. दिवे लावले, तर त्यांच्याच नळ्या काचेत. शेवटी पॅनेल उतरवलं, भिंतीची भोकं बुजवली आणि बाजूच्या भिंतीवर नेलं.

तेव्हा खिडक्या पडद्याच्या समोर नकोत, मागेही नकोत (डोळे दिपतात), बाजूलाच हव्यात. पडद्याजवळच्या दिव्यांना वेगळं बटण घ्या. वायरमन कुरकुर करेल, करू द्या.

2. आता आकार. पडद्यापासून शेवटच्या बाकापर्यंत टेप धरा. हे अंतर पडद्याच्या उंचीच्या सहापटीहून जास्त नको. दुकानात सांगतात ते इंच कर्णाचे असतात, उंचीचे नव्हेत. 65 इंची पॅनेल जेमतेम 81 सेंटिमीटर उंच असतं, म्हणजे वाचण्याजोगं अंतर पाच मीटरच्या आत. 75 इंचीला साधारण साडेपाच, 86 इंचीला साडेसहाच्या जरा आत. खोली त्याहून लांब असेल तर प्रोजेक्टर, तोही भिंतीजवळून चित्र टाकणारा. नाहीतर शिकवणाऱ्याची सावली धड्यावर पडते.

पैसे देण्याआधी त्याच मापाचा पुठ्ठा भिंतीवर लावा. शिकवताना वापराल तेवढ्याच अक्षरात चार ओळी लिहा, वर चकचकीत प्लॅस्टिक चिकटवा. मग मागच्या दोन्ही कोपऱ्यांत बसून सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी वाचून पाहा. हे हसण्यावारी नेणाऱ्यांनी नंतर पॅनेल हलवलेलं मी पाहिलंय.

उंचीचंही तसंच. खालची कड पुढच्या मुलांच्या डोक्यांवर हवी. पण लहानग्यांना पडद्यावर बोटाने लिहायचं असेल तर हात पोहोचत नाही. तिथे वर-खाली होणारा स्टँडच घ्या.

3. प्लग पॉइंट भिंतीच्या कडेने, दर दोन बाकांमागे एक. जमिनीवरून एक्स्टेंशन नको, पोरं अडखळतात.

4. पॅनेलला लॅनची (नेटवर्कची) वायर, टॅबना वाय-फाय. एका खोलीत चाळीस टॅब असतील तर राउटर व्हरांड्यात नको, खोलीतच हवा, आणि टॅब वाय-फायच्या 5 गिगाहर्ट्झ बँडवर जोडा.

5. स्पीकर मागच्या रांगेलाही ऐकू येतील असे.

6. बाक हलके, सरकवता येणारे.

आणि फळा काढू नका. मी पहिल्या वर्गातला काढला होता. वीज गेल्यावर महिन्याभरातच परत लावला.