ॲम्प्लिफायर नेटवर्कवर कसा घ्यावा, रिमोट कसा जोडावा

रॅकमध्ये बसवलेल्या ॲम्प्लिफायरपर्यंत नंतर सहज हात पोचत नाही, म्हणून त्याचं नेटवर्क आणि रिमोट रॅक बंद होण्याआधीच नीट लावून घ्यायला हवं. सुरुवातीला स्पीकरच्या तारा सोडवून ठेवा, निदान सगळे चॅनेल म्यूट करा. जोडणीच्या भरात एखादा जुना प्रीसेट (आधी जतन केलेल्या सेटिंगचा संच) लोड झाला, तर आवाज एकदम पूर्ण चढू शकतो. त्यात स्पीकर जातो आणि जवळ उभ्या माणसाच्या कानांनाही इजा होते.

मग कागदावर यादी करा: कोणता ॲम्प्लिफायर, कोणता आयपी पत्ता (नेटवर्कवरची त्याची ओळख सांगणारा क्रमांक). उदाहरणार्थ, पहिल्याला १९२.१६८.१.२१, दुसऱ्याला १९२.१६८.१.२२, लॅपटॉपला १९२.१६८.१.१०० आणि सगळ्यांना सबनेट मास्क (कोणते पत्ते एकाच नेटवर्कचे ते सांगणारा आकडा) २५५.२५५.२५५.०. एकच पत्ता दोघांना गेला, तर कधी हा दिसतो, कधी तो, आणि दोष शोधता शोधता जीव मेटाकुटीला येतो.

नवा ॲम्प्लिफायर बहुधा पत्ता आपोआप घेण्याच्या सेटिंगवर, म्हणजे डीएचसीपीवर असतो. नेटवर्कवर पत्ता वाटणारा राउटर नसेल, तर बरीच उपकरणं १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता स्वतःच घेतात. अशा वेळी लॅपटॉपही आपोआपवरच ठेवा, केबल थेट जोडा आणि मिनिटभर थांबा. लॅपटॉपचं वायफाय मात्र बंद करा. ॲम्प्लिफायर चालवायचं लॅपटॉपवरचं सॉफ्टवेअर भलत्याच जोडणीवर शोधत बसतं आणि ॲम्प्लिफायर सापडत नाही, हे फार वेळा घडतं. तरीही दिसला नाही, तर फायरवॉल तपासा. सापडल्यावर यादीतला पत्ता कायमचा द्या, लॅपटॉपलाही त्याचा पत्ता द्या, पिंग करून, म्हणजे त्या पत्त्यावर छोटा संदेश पाठवून, उत्तर येतंय ना ते पाहा. पासवर्ड तिथल्या तिथे बदला. फर्मवेअर (ॲम्प्लिफायरच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करायचं असेल तर तेही आत्ताच, आणि ते चालू असताना वीज जाऊ देऊ नका.

तांब्याच्या नेटवर्क केबलची एका टप्प्यातली मर्यादा १०० मीटर. डान्टेवरून (नेटवर्कच्या केबलवरून ऑडिओ नेण्याची पद्धत) ऑडिओही येणार असेल, तर नेटवर्क स्विचमधली (सगळ्या केबल एकत्र जोडणारी पेटी) वीजबचतीची इथरनेट सोय बंद करा, नाहीतर आवाज मध्येच तुटू शकतो. प्रायमरी आणि सेकंडरी अशी दोन पोर्ट दिसली म्हणून दोन्ही केबल एकाच स्विचमध्ये खोचू नका. रिडंडंट मोडमध्ये (एक जोडणी तुटली तर दुसरी चालावी म्हणून) सेकंडरीला वेगळा स्विच, वेगळं नेटवर्क लागतं. स्विच्ड मोडमध्ये (दोन्ही पोर्ट एकाच नेटवर्कची असतात) एकाच स्विचला दोन केबल लावल्या की लूप होतो, म्हणजे डेटा गोल गोल फिरत राहतो, आणि सगळं नेटवर्क गुदमरतं. टॅबलेटवरून नियंत्रण करायला वायफाय चालेल, डान्टेचा ऑडिओ मात्र केबलवरूनच न्या.

आता भिंतीवरच्या रिमोटकडे वळू. चालू-बंद किंवा म्यूटसाठी साधा स्विच लागतो, तो दोन टोकं फक्त एकमेकांना जोडतो. मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलं नसेल, तर त्या टोकांना बाहेरून व्होल्टेज देऊ नका. आवाजाच्या नॉबसाठी बऱ्याच ठिकाणी १० किलोओहमचा पोटेन्शिओमीटर (नॉब फिरवून बदलता येणारा रोध) चालतो, पण किंमत आणि पिनांचा क्रम मॅन्युअलमधूनच घ्या. तारा तीन: संदर्भ व्होल्टेज, मधला वायपर (नॉबसोबत सरकणारं टोक) आणि ग्राउंड. नॉब उलटा चालला, तर बाहेरच्या दोन तारांची अदलाबदल करा. केबल शील्डेड घ्या आणि ती स्पीकरच्या तारांसोबत ओढू नका.

एक चाचणी मी कधीच टाळू देत नाही. वायपरची तार मुद्दाम सोडवा आणि सॉफ्टवेअरमध्ये लेव्हल कुठे जाते ते पाहा. ती वर गेली, तर त्या चॅनेलची कमाल पातळी सॉफ्टवेअरमध्ये बांधून टाका. नॉब पूर्ण फिरवला तरी आवाज तिच्यापुढे जाता कामा नये.

शेवटी आवाज कमी ठेवून स्पीकर जोडा. वीज बंद करून पुन्हा चालू करा: पत्ता आणि लेव्हल होती तशीच यायला हवी. ॲनालॉग इनपुटवर गाणं चालू असताना नेटवर्कची केबल काढा, आवाज थांबायला नको. मग कॉन्फिगरेशन फाइल जपून ठेवा आणि पत्त्याचं लेबल ॲम्प्लिफायरच्या पुढच्या बाजूला लावा.