रशियन कंपनीचा ताबा कोणाकडे आहे, हे कसे तपासावे

रशियाने १९९२ ते १९९४ या काळात नागरिकांना दहा हजार रूबल दर्शनी किमतीची व्हाउचरे वाटून हजारो सरकारी कारखान्यांचे खासगीकरण केले. भागधारकांना संरक्षण देणारा सविस्तर कंपनी कायदा मात्र डिसेंबर १९९५ मध्ये आला. मधल्या काळात ज्याच्या हाती कारखान्याचे दफ्तर होते, त्याचीच सत्ता चालली. म्हणून तपासाची सुरुवात टक्केवारीपासून न करता भागधारकांच्या नोंदवहीपासून करावी. भाग कागदी नसल्यामुळे नोंदवहीतील एक ओळ हाच मालकीचा पुरावा होता, आणि १९९४ मध्ये सायबेरियातील क्रास्नोयार्स्कच्या ॲल्युमिनियम कारखान्याच्या नोंदवहीतून एका परदेशी व्यापारी कंपनीचा सुमारे २० टक्के हिस्सा सरळ पुसून टाकण्यात आला. आता नोंदवही परवानाधारक स्वतंत्र निबंधकाकडे ठेवणे बंधनकारक आहे. तरीही निबंधक कोण आहे, हे अवश्य पाहावे.

त्यानंतर मताधिकार असलेले भाग वेगळे काढावेत. १९९५ च्या 'कर्जाच्या बदल्यात भाग' या लिलावात, म्हणजे सरकारने कर्ज घेऊन आपले भाग तारण ठेवले त्या लिलावात, नोरिल्स्क निकेल या निकेल उत्पादक कंपनीचा ३८ टक्के हिस्सा सुमारे १७ कोटी डॉलरच्या कर्जापोटी गेला, पण मताधिकाराच्या हिशेबाने तो ५१ टक्के होता. एवढ्याशा फरकाने कंपनीचा धनी बदलतो.

कंपनीच्या घटनेतील दुरुस्ती, विलीनीकरण किंवा विसर्जन यांसाठी सभेत भाग घेणाऱ्यांची तीन-चतुर्थांश मते लागतात. त्यामुळे २५ टक्के आणि वर एक मत असलेला भागधारक असा ठराव अडवू शकतो. ५१ टक्केवाल्याशी बोलणी करण्याआधी हा चौथा हिस्सा कोणाकडे आहे, ते शोधावे.

संचालक मंडळाच्या निवडणुकीत मतांची बेरीज एकाच उमेदवारामागे लावता येते, आणि माझ्या मते अल्पसंख्य भागधारकांसाठी या कायद्यातील सर्वांत मोलाची तरतूद हीच आहे. समजा, एक लाख भाग आणि नऊ जागा आहेत. प्रत्येक भागामागे जागांइतकी, म्हणजे नऊ मते असल्याने १०,००१ भाग असलेल्याला ९०,००९ मते मिळतात, आणि ती सर्व तो एकाच उमेदवाराला देऊ शकतो. उरलेल्यांनी आपली मते नऊ उमेदवारांत सारखी वाटली, तर प्रत्येकाच्या वाट्याला ८९,९९९ येतात. एक जागा पक्की होते. मात्र जागा सातच असतील, तर त्यासाठी साडेबारा टक्क्यांहून अधिक भाग लागतात. म्हणून मंडळाचा आकार कमी करण्याचा प्रस्ताव आला, की अल्पसंख्य भागधारकाने आपले भाग मोजून पाहावेत.